पुलावर तुम्ही एकटेच

आपला दिवाकर काल सांगून गेला, येत्या रविवारी गाडी पुन्हा निघणार. चिचतलावची गाडी, आपली. ऐकलं आणि मी पहिली हाक तुम्हालाच मारली, "अजी, ऐकून राह्यले का?" मग भिंतीला लावून ठेवलेली तुमची खाट दिसली. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. पुण्यानुमोदनाला आणलेल्या सतरंज्या शेजारच्यांना परत करायच्या राहिल्यात, दारात तुमच्या चपलांची जागा मी अजून मोकळी ठेवते, आणि हा पोरगा सांगतो की तुमच्या इंजिनावर तुमच्या जागी तो उभा राहणार.

मला भीती वाटते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. इथल्या नंदनवन वस्तीतल्या बायका म्हणतील, नवरा गेला की असंच होतं, होईल हळूहळू कमी. पण ही ती भीती नाही. ही जुनी आहे, तुम्ही धडधाकट होता तेव्हाची, आणि ती सगळी फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. सातवी शिकलेली बायको केली म्हणून चारचौघांत मिरवायचात ना, मग आता वाचा.

लग्न झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने बायकोला सिनेमा दाखवला असता. तुम्ही मला शेडमध्ये नेलंत आणि इंजिन दाखवलंत. तेव्हा तुम्ही फायरमन होता, दिवसभर कोळसा टाकायचात, आणि तरी ते इंजिन स्वतःच्या बापाचं असल्यासारखं दाखवत होतात. म्हणालात, "खाणवाल्या साहेबानं मँगनीज न्याले हे लाईन टाकली. मंग त्याच्या मडमेले गर्मी सोसे ना, म्हून तलावापर्यंत रूळ वाढवले. एका बाईच्या घामापायी एवढं लोखंड, पाह्य." मी हसले. रामटेकजवळच्या धानाच्या बांधीतून उठून आलेली मी, मला मडम म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं.

साहेब गेले, मडमा गेल्या, पुढे खाणही संपली. कंपनीकडे राहिली ती हवा खाणाऱ्यांची गाडी. दोन हिरवे डबे आणि मागे एक मालाचा. नागपूरचे डॉक्टर, वकील, सीताबर्डीचे व्यापारी मोठ्या लाईनीच्या स्टेशनवर उतरायचे आणि आपल्या छोट्या गाडीत बसायचे, तलावावरच्या बंगल्यात दोन दिवस राहायला. एवढी मोठी माणसं, पण त्या बुटक्या डब्यात शिरताना लेकरांसारखी खूश व्हायची. नवी लग्नं झालेली जोडपी तर विचारूच नका. कोण कुणाशी बोललं नाही, कोण रुसून खिडकीकडे तोंड करून बसलं, हे सगळं तुम्ही जेवताना मला सांगायचात. इंजिनात उभ्या माणसाला मागच्या डब्यातलं कसं दिसतं, हे मला कधी कळलं नाही.

दिवाकर झाला त्या वर्षी तुम्ही ड्रायव्हर झालात. या लाईनवर आपल्या लोकांतला पहिला. स्टेशनबाहेरच्या ज्या चहावाल्याने आपल्यासाठी फुटक्या कानाचा कप वेगळा टांगलेला होता, त्याच्याच दुकानासमोर तुम्ही इंजिन उभं करायचात आणि वाफ सोडायचात. त्याचं सगळं दुकान पांढरं व्हायचं. मी म्हणायचे, कशाला उगाच खोडी काढता. तुम्ही म्हणायचात, इंजिनाची तब्येत तिथेच बिघडते, मी काय करू.

आणि मग तो पावसाळा. तलावाचा सांडवा असा फुटून वाहिला की नाल्यावरच्या पुलाचा मधला खांब एका अंगाला कलला. आपलं क्वार्टर पुलाच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीजवळ, त्यामुळे मी दारातून तो खांब रोज बघत होते. पाणी ओसरल्यावर कंपनीचा माणूस आला, विटा-सिमेंट लावून गेला, हळू न्या म्हणाला. तो गेल्यावर तुम्ही खाली उतरून खांबाभोवती बराच वेळ फिरलात. वर आलात तेव्हा पायजमा मांडीपर्यंत चिखलाने भरला होता. मी विचारलं, कसा आहे? तुम्ही म्हणालात, "उभा हाय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पुलाअलीकडे गाडी थांबली आणि तुम्ही सगळ्यांना खाली उतरायला लावलंत. कडेच्या फळीवरून पायी पलीकडे जा, रिकामी गाडी मी आणतो, तिकडे बसा. एक कापडाचा व्यापारी उतरायला तयार होईना. पैसे भरून बसलोय, म्हणाला. तुम्ही इंजिनाला टेकून बिडी पेटवलीत. "बसा शेठ. मी बी बसलो." शेवटी त्याचीच बायको त्याला ओरडली आणि तो उतरला.

कंपनीने आधी डोळे वटारले, मग सोडून दिलं. आणि बघता बघता ती रीतच झाली. पूल आला की उतरायचं. नागपूरच्या लोकांना वाटायला लागलं, ही या सहलीतली गंमत आहे. फळीवर उभं राहून फोटो काढायचे, बायका पदर खोचून एकमेकींचा हात धरून चालायच्या. डॉक्टरीणबाईच्या मागे मोळी घेतलेली गोंडीण, तिच्या मागे वकील, त्याच्या मागे आपल्या वस्तीतली म्हातारी. फळी एवढी अरुंद की सगळे एका रांगेत. ते तुम्हाला फार आवडायचं. म्हणायचात, "या फळीवर कोन कोनाच्या पुढं हाय, ते कोनी पाहत नाही. सारे पायाखाली पाह्यतात."

कुणीतरी पुलाच्या तोंडाशी दगडाला शेंदूर फासला. पुढच्या वर्षी तिथे नारळ फुटायला लागले, पूलमाय म्हणून. तुम्ही चिडायचात. खांब वाकडा आणि पूजा दगडाची. आणि मी, दीक्षा घेतलेल्या घरातली, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली बाई, एक दिवस त्या दगडावर कण्हेरीचं फूल ठेवत होते, ते तुम्ही इंजिनातून बघितलंत. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्याऐवजी पुढे कित्येक वर्षं गाडीतून उतरलात की विचारायचात, "तुयी पूलमाय काय म्हन्ते वं?"

काय म्हणणार? मीच म्हणायचे.

"सगळ्यांले उतरवता, तुमी काहून नाही उतरत?"

"मंग गाडी कोन चालवन?"

"त्या फायरमनले तं उतरवता."

"त्याचे लेकरं लहान हायेत."

"अन् आपलं पोट्टं काय मोठा साहेब होऊन राह्यलं?"

"भात वाढ."

किती वेळा झालं असेल हे भांडण. शब्दही बदलले नाहीत. मी कधी जिंकले नाही, तुम्हीही नाही, भात तेवढा संपायचा. फक्त एकदा, दिवाकर शाळेत गेला होता आणि घरात दोघंच होतो, तेव्हा तुम्ही खरं बोललात. "मी एकदा उतरलो का इंजन दुसऱ्याले देतीन. म्हन्तीन, पाह्यलं? चढवला याले, तं भ्याला." नंतर पुन्हा तो विषय काढला नाहीत. मीही विचारलं नाही. त्याच्यावर काय बोलणार होते मी? माझ्यापाशी फक्त भीती होती, आणि ती तर तुमच्या कारणापुढे फारच लहान वाटायची.

मी दारात उभी राहायचे. माणसं पलीकडे पोचायची, मग तुम्ही निघायचात, माणूस चालतो त्याहून हळू. इंजिन पुलावर चढलं की चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. तो आवाज संपेपर्यंत मी दारातून हलायचे नाही. चुलीवर भाकर असली तर जळायची. संध्याकाळी ताटात जळकी भाकर बघून तुम्ही म्हणायचात, आज गाडी वेळेवर गेली वाटतं. मला हसू यायचं आणि रागही. तुम्ही तो राग कधी मनावर घेतला नाहीत, याचा मला अजून राग आहे.

पुढे थेट तलावापर्यंत सडक झाली. एसटी सुरू झाली. आणीबाणीच्या दिवसांत सगळ्या गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणतात. आपलीही धावत होती, फक्त आत माणूस नव्हता. तलावावर जाणारे मोटारीने जायला लागले. शेवटी शेवटी तर एकच म्हातारं जोडपं उतरायचं, फळीवरून हात धरून जायचं, आणि तुम्ही त्या दोघांसाठी अख्खी गाडी पलीकडे न्यायचात. मग कंपनीने लाईन बंद केली. त्या दिवशी तुम्ही शेडमध्ये तोंड लपवून रडलात. मी तुमच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? सुटले. माझा माणूस सगळाच्या सगळा घरी आला. दुःख करायला पाहिजे होतं, मला ते जमलं नाही.

क्वार्टर सुटलं, आपण नागपूरला आलो. नंदनवनातली वर्षं तुम्हाला जड गेली, मला सोन्याची गेली. तुम्ही पीठगिरणीवर बसायला लागलात. गिरणीची मोटर घरघरायला लागली की तुमचा कान तिकडे जायचा आणि तुम्ही तोंड वाकडं करायचात, हिला काय मशीन म्हणायचं. पण पांढरे होऊन घरी यायचात. रोज.

मग यंदा दिवाकर आला तो असा उजळलेला. तलावावरचे बंगले हॉटेलवाल्या शेठने घेतलेत, लाईन आणि इंजिनही त्यातच आलंय, पाहुण्यांसाठी गाडी पुन्हा सुरू करायची आहे. इंजिन दुरुस्त करायला गॅरेजातून त्यालाच बोलावलं, आणि चालवायलाही तोच. तुम्ही ऐकून घेतलंत. एकच विचारलंत, "पूल पाह्यला का?" तो म्हणाला, शेठने रंग मारून घेतलाय. तुम्ही हसलात, पुष्कळ दिवसांनी, पोट धरून. तो गेल्यावर मी म्हटलं, पोराला सांगा. तुम्ही म्हणालात, "सांगतो सवडीनं."

त्यानंतर दोन-चार दिवसांतच, दुपारचं जेवण करून भिंतीला टेकलात, रेडिओ चालू होता, आणि गेलात. मी ताट घासत होते.

तुम्ही त्याला काय सांगणार होता? हे मला कोण सांगेल आता? जाऊ नको म्हणणार होता, की वाफ किती धरायची ते समजावणार होता? मला खात्री नाही. इंजिन पेटणार म्हटल्यावर तुमचे डोळे कसे झाले होते ते मी बघितलंय. म्हणून त्याला मी "तुझे बाबा नको म्हणाले असते" असं तुमच्या नावाने सांगू शकत नाही. माझ्या नावाने सांगून बघितलं. तो म्हणाला, "माय, मी मोटारीखाली झोपून काम करतो. बाबा इंजनात उभे राहत होते." मग माझा हात धरून म्हणाला, भिऊ नको, बाबांसारखंच करीन, पुलाआधी सगळ्यांना उतरवीन.

"अन् तू?"

"मंग गाडी कोन चालवन वं?"

तेच शब्द, तोच सूर. त्याने हे तुमच्याकडून ऐकलेलं असणार, चुलीजवळ बसून, आपण भांडत असताना. रविवारी मीही जाणार आहे. शेठने म्हणे जुन्या ड्रायव्हरच्या बायकोला मुद्दाम बोलावलंय. काय करायचं ते कळत नाही. पण दारात उभं राहणं आता माझ्याने होणार नाही, आणि त्या क्वार्टरला आता दारही नाही.

रविवार होऊन गेला. आज रात्री लिहायला बसले.

इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. तुम्ही असता तर पहिल्यांदा त्या काढल्या असत्या, काच झाकते म्हणून. दिवाकर तुमची जुनी टोपी घालून आला होता. कुठून शोधली कोण जाणे. मला दुसऱ्या डब्यात खिडकीशी बसवलं. नागपूरचे पाहुणे होते, त्यांची लेकरं होती, बँडवाले होते. गाडी सुटली तसं सागाचं रान लागलं, बांधी लागल्या, सगळं तेच. खरं सांगू, मला छान वाटलं. थोडा वेळ मी भ्यायचं विसरले. मग पाण्याची टाकी दिसली. आपल्या क्वार्टरच्या फक्त भिंती उरल्यात, आत एरंडी उगवली आहे.

गाडी थांबली. "उतरा जी, पूल आला." जुन्या लोकांना रीत माहीत होती, ती हसत हसत उतरली, नव्यांना समजावू लागली. डबा रिकामा झाला. मी नाही उतरले.

हे मी हट्टाने केलं असं तुम्हाला वाटेल. हट्ट नव्हता. पाय उठतच नव्हते. खिडकीतून पूल दिसत होता, नव्या रंगाने चकचकीत, आणि मधला खांब तसाच, एका अंगाला. मी बाक दोन्ही हातांनी धरून बसले. हॉटेलचा माणूस आला, "अम्माजी, उतर जाइये, सब उतर गये." मी मान हलवली. मग शेठ आला, गोड बोलला, मग जरा कमी गोड. शेवटी दिवाकर इंजिनातून उतरून आला. त्याच्या कपाळावर काजळी लागली होती, अगदी तुमच्यासारखी, डाव्या बाजूला.

"माय, उतर वं. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

"पाय दुखते का? मी धरतो."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "तू जाऊन राह्यला ना पुलावरून? मंग मले बी घेऊन चाल."

"तुले कसा नेऊ? तुले नाही नेत मी."

"काहून? पूल बरोबर नाही का?"

तो खिडकीचा गज धरून उभा राहिला. पाठीमागून शेठ म्हणाला, देर हो रही है. दिवाकर वळला आणि इंजिनाकडे चालायला लागला.

मग मोठा आवाज झाला आणि डबा थरथरला. मला वाटलं, निघाली. हा आता मला घेऊन निघाला. अजी, त्या घटकेला मला जी भीती वाटली तशी जन्मात वाटली नव्हती. डोळे गच्च मिटले आणि पोकळ आवाजाची वाट बघत बसले. तो आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर खिडकीबाहेर सगळं पांढरं. त्याने इंजिनाची सगळी वाफ सोडून दिली होती. त्या पांढऱ्यातून तो आला, टोपी हातात. "चाल," म्हणाला, "मी उतरलो."

त्याने मला हाताला धरून खाली घेतलं. शेठ काय काय बोलला, ते सगळं हिंदीत होतं आणि मी ऐकलंही नाही. पाहुणे फळीवरून पायी तलावावर गेले. गाडी अलीकडेच राहिली. आम्ही मायलेक सडकेवर येऊन एसटीची वाट बघत बसलो. त्याची नोकरी गेली असं समजा. नागपूरला घरी येऊन तो जेवला नाही, आणि आज सकाळी मोटारीखाली झोपायला पुन्हा गॅरेजवर गेला. शेठ म्हणे दुसरा ड्रायव्हर आणणार आहे. त्याचीही कुठे माय असेल. पूल कदाचित आणखी वीस वर्षं उभा राहील आणि मग सगळे म्हणतील, म्हातारीने उगाच पोराचं नुकसान केलं. म्हणोत. तो आता समोरच्या खोलीत घोरतोय, तुमच्याच खाटेवर, आणि मी मध्ये मध्ये उठून ऐकून येते.

पण तेव्हापासून एक विचार सुटत नाही. इतकी वर्षं मी दारात उभी राहून भ्याले, गाडीत बसून एकदाही नाही. एखाद्या दिवशी मी अशीच रिकाम्या डब्यात बसून राहिले असते, तर तुम्ही काय केलं असतं? तुम्हीही दिवाकरसारखं उतरला असता, असं मी स्वतःला सांगून बघते. ते मनाला पटत नाही. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही इंजिनातून डोकं काढून मागे बघितलं असतं, हसला असता, आणि म्हणाला असता, "बस मंग." आणि गाडी सोडली असती.

आणि मी बसले असते.